भरल्या घरातच बोलायची गोष्ट : मृत्युपत्र

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे जरा बघा. खिळ्याला 'कालनिर्णय' लटकलेलं असेलच. दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, चतुर्थी कधी, धाकट्याची परीक्षा कधी, सगळा संसार त्या चौकटींतून मांडलेला असतो. १९७३ सालापासून हे पंचांग मराठी घराघरांत पोहोचवणारे जयंतराव साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. माणूस व्यवस्थित. २०११ सालीच त्यांनी आपलं मृत्युपत्र करून ठेवलं होतं. बँकेतल्या ठेवींना आणि म्युच्युअल फंडातल्या गुंतवणुकीला नॉमिनीही लावलेले होते. तरीसुद्धा कुटुंबात प्रश्न उभा राहिला : ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, तोच त्या पैशाचा मालक का? मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, "नाही." प्रकरण पुढे दिल्लीला गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा माणूस. पैसे कुणाचे, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

जाणत्या घराची ही गोष्ट. मग तुमच्या-आमच्या घरात काय चित्र असेल?

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे काय इस्टेट आहे हो? एक फ्लॅट, थोडं सोनं, पोस्टातली ठेव आणि गावाकडची दोन एकर." पण बाई, भांडायला तेवढंच पुरतं! गडगंज घरात वकील असतो, हिशेबनीस असतो. आपल्या घरात फक्त फडताळातली एक फाइल असते, आणि ती यजमानांखेरीज कुणी उघडून पाहिलेली नसते.

"असं अभद्र बोलू नये"

खरी अडचण कायद्याची नाही, जिभेची आहे. कुंकवाच्या धन्याला "तुम्ही गेल्यावर काय?" असं कसं विचारायचं? सासूबाई लगेच म्हणतील, "शुभ बोल गं, भरल्या घरात हे काय?" आणि यजमान हसून म्हणतील, "एवढ्यात मला घालवतेस होय?" झालं, विषय मिटला. पुन्हा दहा वर्षं कुणी काढत नाही.

यावर थोडा जुना दाखला देते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं. त्यांचा मुलगा यशवंत दत्तक होता. आपल्यामागे त्याच्या हक्काला कुणी आडवं येऊ नये, म्हणून हिंडते-फिरते असतानाच त्यांनी ही तजवीज केली. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि १८९० साली ते गेले. १८८७ साली त्यांनी "बघू पुढे" म्हटलं असतं तर? मृत्युपत्र आजारपणात करायची गोष्ट नाही. हातीपायी धड असताना, डोकं शांत असताना करायची आहे. भरल्या घरातच करायची आहे.

मृत्युपत्र नसलं तर काय होतं?

इथे आपल्यापैकी बहुतेकींची समजूत चुकलेली असते. "नवऱ्यामागे सगळं बायकोचंच की!" असं आपण धरून चालतो. तसं नाही.

समजा, इंदिरानगरात एक फ्लॅट आहे. तो यजमानांनी स्वतःच्या कमाईतून, एकट्याच्या नावावर घेतलेला. किंमत साठ लाख. घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी. सासूबाई सिन्नरला धाकट्या दिराकडे असतात. यजमान अचानक गेले आणि मागे लिहिलेलं काही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि यजमानांची आई असे चार जण पहिल्या वर्गाचे वारस, आणि चौघांना सारखा वाटा. म्हणजे जिने त्या घरात वीस वर्षं चूल सांभाळली, ती आपल्याच घराच्या चौथ्या हिश्श्याची, पंधरा लाखांची मालकीण.

गोष्ट इथे थांबत नाही. पुढे सासूबाई गेल्या आणि त्यांनीही काही लिहून ठेवलेलं नसलं, तर त्यांचे पंधरा लाख त्यांच्या सगळ्या मुलांत वाटले जातात. समजा दोन दीर, एक नणंद आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याचे तुमची मुलं. म्हणजे प्रत्येक दिराचा आणि नणंदेचा तुमच्या फ्लॅटमध्ये पावणेचार लाखांचा हिस्सा! दीर कितीही चांगले असोत, घर विकायची वेळ आली की त्या सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. आणि सही मागायला गेलं की जुनी दुखणी वर येतात, हे काय तुम्हांला सांगायला हवं?

मुलं अज्ञान असतील तर आणखी एक गाठ. त्यांच्या वाट्याचं घर किंवा जमीन आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे. पण फी भरायची घाई असते तेव्हा तो आईलाच जड जातो.

माझं म्हणणं असं नाही की सासूबाईंना वगळा. त्यांनीच तर तो मुलगा वाढवला. पण मृत्युपत्रात "फ्लॅट पत्नीला, आणि आईला हयातभर तिथे राहण्याचा हक्क व दरमहा अमुक रक्कम" असं लिहिता येतं. म्हातारीचीही सोय होते, घराचेही तुकडे पडत नाहीत.

नॉमिनी : किल्ली सांभाळणारा

नॉमिनी लावू नका, असं मात्र समजू नका. तो जरूर लावा. नॉमिनी असला की बँक पैसे अडवून धरत नाही, हेलपाटे वाचतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. लग्नाआधी यजमानांनी भावाचं नाव लावलेलं असतं आणि ते तसंच राहिलेलं असतं, असं पुष्कळ घरांत आढळतं. या आठवड्यात पासबुकं काढा आणि बघा.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही असंच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीप्रमाणे नॉमिनी हा नुसता तात्पुरता सभासद होतो. कायमचा सभासद मृत्युपत्रावरून, वारस दाखल्यावरून किंवा वारसांच्या आपसांतल्या लेखी समझोत्यावरून ठरतो. आयुर्विम्यात मात्र थोडा वेगळा नियम आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीवर बायको, नवरा, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर तो पैसा त्यांचाच धरला जातो.

थोडक्यात, नॉमिनी म्हणजे शेजारणीकडे ठेवलेली घराची किल्ली. दार ती उघडून देईल. पण म्हणून घर तिचं होत नाही.

आणि तुमचं स्वतःचं?

आता जरा कान देऊन ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. मृत्युपत्र नवऱ्यानेच करायचं असतं, असं थोडंच आहे? तुमच्या नावावरची ठेव, माहेरून मिळालेलं सोनं, नोकरीतला फंड, आईकडून आलेला जमिनीचा वाटा हे सगळं तुमचं आहे. लग्नात मिळालेलं स्त्रीधन तुमचं. त्याचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवायचं.

हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना जाते. मुलंही नाहीत, नवराही नाही, अशी वेळ असेल तर? मग तिची स्वतःच्या कमाईची मिळकत तिच्या आईवडिलांना नाही, तर नवऱ्याच्या वारसांना जाते. आईवडिलांकडून वारसाहक्काने आलेली मिळकत तेवढी, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

याचा एक निकाल वाचून माझं तर मन सुन्न झालं होतं. २००९ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा. एका मुलीचं लग्न झालं आणि तीनच महिन्यांत, १९५५ साली, सर्पदंशाने नवरा गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, चार पैसे गाठीला बांधले. १९९६ साली ती गेली. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. तिचा पैसा कुणाला मिळाला? जिने सांभाळलं त्या आईला नाही, तर नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायाधीशांनाही ही गोष्ट कठोर वाटली. पण त्यांनी सांगितलं की कायदा सहानुभूतीवर चालत नाही. तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर सगळं चित्र पालटलं असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच महिलांना, त्यांतही हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. कोर्टकचेऱ्या टळाव्यात म्हणून कोर्टच सांगतंय, आता आणखी कुणी सांगायला हवं?

सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

आपण नाशिकच्या बायका. शहरात राहिलो तरी निम्म्या जणींची मुळं निफाड, दिंडोरी, चांदवड, येवल्याच्या मातीत आहेत. चांदवडचं नाव घेतलं की आठवतं, नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांनी गाव फुलून गेलं होतं. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करून द्यायची. कोर्ट नाही, भांडण नाही. गावच्या सभेत, सन्मानाने. सातबाऱ्यावर आपलं नाव पाहून कितीतरी जणी हरखून गेल्या असतील.

शेताबाबत दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, वडिलोपार्जित एकत्र जमिनीत यजमानांना फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. सगळ्या शेताचं नाही. दुसरी, माहेरी तुमचाही हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला; मात्र ज्यांची लग्नं आधी झाली होती, त्यांना तेव्हा वगळलं होतं. २००५ साली देशाचा कायदा बदलला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. तेव्हा भाऊ राखी पौर्णिमेच्या आसपास हक्कसोड पत्र घेऊन आला, तर सही जरूर करा किंवा करू नका, तो तुमच्या मनाचा प्रश्न. पण वाचल्याशिवाय करू नका!

लिहायचं कसं?

गंमत बघा. देशभराचे मुद्रांक कागद छापणारा कारखाना म्हणून आपल्या नाशिकरोडच्या प्रेसची ख्याती. पण मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. साधा पांढरा कागद चालतो. भाषा मराठी चालते. हाताने लिहा, टाइप करून घ्या. मात्र पुढच्या गोष्टी चुकवू नका.

• वय अठरा वर्षं पूर्ण हवं आणि शुद्ध बुद्धी हवी. "हे मी कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे," असं सुरुवातीलाच लिहा.

• मिळकतीचं वर्णन स्पष्ट करा. फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव, जमिनीचा गट नंबर, बँकेची शाखा. दागिने एकेक करून लिहा. "पाटल्या थोरलीला, तोडे सुनेला" असं लिहिलं की पुढचे रुसवेफुगवे टळतात.

• शेवटी एक ओळ हवीच : "वर न लिहिलेली उरलेली सर्व मिळकत अमक्याला." नव्या ठेवी त्यात येऊन जातात.

• दोन साक्षीदार हवेत. त्यांच्यासमोर सही करा आणि मग त्यांनी तुमच्यासमोर करावी. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना शक्यतो साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि गावातलाच असावा. वाद झाला तर कोर्टात त्यानेच सांगायचं असतं की सही माझ्यादेखत झाली.

• वय झालेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचं "शुद्धीवर आहेत, समजून सही करत आहेत" असं पत्र जोडा.

• मृत्युपत्राप्रमाणे कामं पार पाडणारा एक विश्वासू माणूस नेमा. त्याला एक्झिक्युटर म्हणतात.

• दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी करता येते. ती सक्तीची नाही. पण केली तर "हा कागद खोटाच आहे" असं म्हणणाऱ्याचं तोंड बरंचसं बंद होतं.

• तारीख घाला. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं; शेवटचं असेल तेच खरं. आणि ठेवलंय कुठे, ते एका तरी माणसाला सांगा!

मुसलमान भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशापेक्षा जास्त मिळकतीचं मृत्युपत्र करता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी घरांत लग्नापूर्वी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर रद्द होतं. नवं करावं लागतं.

ट्रस्ट म्हणजे देवळाचाच असतो असं नाही

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थान आठवतं. पण घरच्या माणसांसाठीही खाजगी ट्रस्ट करता येतो. १८८२ सालापासून तसा कायदा आहे. त्याचा अर्थ साधा : पैसा एकाच्या हाती, फायदा दुसऱ्याचा. ज्या घरात एखादं मूल मतिमंद आहे, त्या आईच्या मनात रात्री एकच विचार असतो, "माझ्यामागे याचं कोण?" पैसे थेट मुलाच्या नावावर ठेवून भागत नाही, ते त्याला सांभाळता येत नाहीत. अशा वेळी मृत्युपत्रातच लिहिता येतं की अमुक रक्कम दोन विश्वस्तांकडे राहावी आणि तिच्यातून मुलाचा खर्च व्हावा. विश्वस्त दोन असावेत आणि त्यांतला एक पुढच्या पिढीतला असावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा मुलांसाठी अठराव्या वर्षानंतरही पालक नेमण्याची सोय आहे. त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. या कामाला मात्र चांगला वकील गाठा, घरच्या घरी करू नका.

आणखी एक सोय धंदेवाईक घरांतल्या भगिनींसाठी. यजमानांचं दुकान असेल, द्राक्षबागेवर कर्ज असेल, तर नवी विमा पॉलिसी घेताना १८७४ च्या 'विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्या'खाली घ्यायला सांगा. ती पॉलिसी बायको-मुलांसाठीचा ट्रस्टच समजली जाते. उद्या धंदा बसला तरी सावकार किंवा बँक त्या पैशाला हात लावू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच, फॉर्म भरताना करायचं असतं; मागाहून जमत नाही.

आणि एक कटू गोष्टही सांगून टाकते. मृत्युपत्र दुधारी असतं. हिंदू पुरुषाला स्वतःच्या कमाईची मिळकत मृत्युपत्राने कुणालाही देता येते, बायकोला सोडूनसुद्धा. म्हणून नुसत्या भरवशावर बसू नका. नवं घर घेताना खरेदीखतातच दोघांची नावं घाला.

मग बोलायचं कसं?

रामकुंडावर अस्थी घेऊन लोक लांबलांबून येतात. पंचवटीतले तीर्थोपाध्याय आपल्या जुन्या वह्या काढतात आणि पणजोबा-खापरपणजोबांची नावं वाचून दाखवतात. कोण कुणाचा, ते त्या वह्या सांगतात. पण घर कुणाचं, सोनं कुणाचं, त्या पोराला कोण बघणार, हे कुठल्याच वहीत नसतं. ते आपणच लिहून ठेवायचं असतं.

तेव्हा माझा एक सल्ला ऐका. नवऱ्याच्या मृत्युपत्राने सुरुवात करू नका, आपल्या मृत्युपत्राने करा. येत्या रविवारी चहा झाला की वही घेऊन बसा आणि सरळ म्हणा, "अहो, मी माझं मृत्युपत्र लिहितेय. माझ्या पाटल्या, माझी ठेव, आईकडची ती जमीन. साक्षीला कुणाला बोलवायचं, तेवढं सांगा." स्वतःच्या जाण्याबद्दल बोलणाऱ्या बाईला कुणी अभद्र म्हणत नाही. यजमान आधी हसतील, मग गप्प होतील. मग हळूच विचारतील, "फ्लॅटचे कागद कुठे आहेत गं आपले?"

तेवढं विचारलं की समजा, अर्धं काम झालं. वहीचं पुढचं पान त्यांच्यासाठी कोरं ठेवा.